तीन कडांचा दांडा

फुलावर आलेल्या लव्हाळ्याचा एक दांडा बुंध्याजवळून खुडून घ्यावा आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून फिरवावा. गवताची काडी सरसर फिरली असती. हा दांडा मात्र फिरताना अडखळतो, कारण त्याला तीन कडा असतात. मग तो नखाने आडवा तोडावा. गवताची काडी बहुधा पोकळ असते आणि तिला ठरावीक अंतरावर फुगीर पेरी लागतात; इथे आत पांढुरका भरीव गर असतो आणि बोट वर सरकवत नेले तरी पेरे कुठे लागत नाही. ठोंबाकडे वरून पाहिले तर पानेही तीन दिशांना निघालेली दिसतात, गवताची दोनच दिशांना. पानाचा तळ दांड्याभोवती बंद नळीसारखा बसलेला असतो. गवतात ही नळी सहसा एका बाजूने उसवलेली असते. काही जातींच्या कडा बोथट असतात आणि बोटाला चकवतात. अशा वेळी पानांच्या तीन रांगा पाहाव्यात, त्या चकवत नाहीत.

ही परीक्षा एकदा तरी हाताने करून पाहावी, कारण शोभेच्या लव्हाळ्याचे बागेत जे काही बिघडते त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: त्याला गवत समजून वागवलेले असते. गवताला ऊन हवे म्हणून तो रखरखीत उन्हात लावला जातो. गवत हिवाळ्याच्या शेवटी जमिनीसरशी कापतात म्हणून त्याच्यावरही कात्री चालते. हिरवळीला नत्र घालतात म्हणून त्यालाही मूठभर युरिया मिळतो. एवढे सगळे मनापासून केल्यावर रोप वर्षभरात केविलवाणे होते आणि दोष मातीला दिला जातो.

नावाचाही एक घोटाळा आहे. लव्हाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिला येतो नागरमोथा, म्हणजे खुरपून खुरपून हात दुखले तरी न संपणारे तण. शेती करणाऱ्याला ‘लव्हाळा मुद्दाम लावायचा’ हे वाक्य ऐकूनच हसू येईल. कुळ दोघांचे एकच, सायपेरेसी. पण बागेत लावायचे बहुतेक लव्हाळे केरेक्स या वेगळ्या प्रजातीतले असतात. केरेक्समध्ये सुमारे दोन हजार जाती आहेत. सपुष्प वनस्पतींतल्या सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी ती एक. तिचा पसारा मुख्यतः समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांत आहे, आणि नागरमोथ्यासारख्या गाठींच्या माळा ती जमिनीत ओवत नाही. काटक म्हणून तिची ख्याती आहे ती थंडीपुरती. कडक हिवाळा ती निभावते, कडक उन्हाळ्यात मात्र हिरमुसते. केरेक्सची वाढ थंड हवेत होते: वसंताच्या सुरुवातीला जोरात, भर उन्हाळ्यात जवळजवळ ठप्प, शरदात पुन्हा थोडी. वाढीचे हे वेळापत्रक डोक्यात पक्के बसले की पाणी, खत, कापणी, विभागणी यांच्या वेळा पाठ कराव्या लागत नाहीत.

रोप घेताना पाटीवर ‘शोभेचे गवत’ एवढेच लिहिलेले असेल तर ते परत ठेवावे. एका केरेक्सला लागू पडणारी निगा दुसऱ्याला मारू शकते, आणि हे फरक रोप ज्या रानातून आले त्या रानाचे असतात. बागेपुरती चार घराणी ओळखता आली तरी पुरते.

पहिले घराणे जपानच्या झाडीतले, सदाहरित. केरेक्स ओशिमेन्सिसचा ‘एव्हरगोल्ड’ हा वाण त्यातला सर्वांत प्रसिद्ध: पानाच्या मधोमध रुंद मलईपिवळा पट्टा, दोन्ही कडांना गर्द हिरवी किनार, उंची जेमतेम फूटभर, आणि पाने चारी बाजूंना कारंज्यासारखी वळलेली. याच्या नावावर विश्वास ठेवताना जरा सांभाळून. हाच वाण केरेक्स हाचिजोएन्सिस आणि केरेक्स मोरोवीआय अशा दोन्ही चुकीच्या नावांनी वर्षानुवर्षे विकला गेला आहे. खरा केरेक्स मोरोवीआय वेगळा, त्याचे पान जाड, कातडी, ताठर. त्याचा ‘आइस डान्स’ हा वाण पांढऱ्या किनारीचा, आणि तो ठोंब करून न बसता जमिनीखालच्या आडव्या खोडाने हळूहळू पसरतो. हा फरक लावतानाच लक्षात घ्यावा. पायवाटेच्या कडेला नेटके झुबके हवे असतील तिथे एव्हरगोल्ड, झाडाखालची जमीन झाकायची असेल तिथे आइस डान्स. अदलाबदल झाली तर पहिल्या ठिकाणी पायवाट गिळली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी झुबक्यांच्या मधे मोकळी माती राहून तण माजते. दोघेही उणे २० अंशांपर्यंतची थंडी सहज काढतात. त्यांना विरळ सावली लागते, सकाळचे ऊन चालते. दुपारच्या उन्हात एव्हरगोल्डचा पिवळा पट्टा आधी फिका पडतो, मग त्यावर तपकिरी चट्टे येतात, कारण त्या पट्ट्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतेच.

दुसरे घराणे दलदलीतले, हिवाळ्यात वाळून वसंतात नव्याने फुटणारे. केरेक्स इलाटाचा ‘ऑरिया’ हा सोनेरी वाण इंग्लंडमधले बागकार ई. ए. बाउल्स (१८६५–१९५४) यांच्या नावाने ओळखला जातो. वसंतात फुटणारी त्याची पाने इतकी पिवळीधमक असतात की दुरून तिथे ऊन पडल्यासारखे वाटते. उंची दोन ते अडीच फूट. तळ्याच्या काठावर, बोटभर पाण्यातही तो खूश असतो. कोरड्या वाफ्यात मात्र जुलैपर्यंत कडा करपतात. उत्तर अमेरिकेतला केरेक्स मस्किंगुमेन्सिस याच घराण्यातला. त्याच्या उभ्या दांड्यावर पाने छोट्या ताडाच्या झाडासारखी टोकाकडे पसरतात आणि तो उणे ३० च्या आसपासची थंडीही मोजत नाही. केरेक्स ग्रेयी लावला तर पानांसाठी लावूच नये, फळांसाठी लावावा. त्याची फुगीर हिरवी फळे गोलाकार जमून गदेच्या डोक्यासारखी दिसतात आणि फुलदाणीत महिनोन्‌महिने टिकतात.

तिसरे न्यूझीलंडचे: केरेक्स कोमान्स, बुकाननीआय, टेस्टेशिया. हे तपकिरी, तांबूस, शेवाळी-नारिंगी केसांचे झुबके. जिवंत रोप मेले म्हणून उपटले जाण्याचा मान या घराण्याकडे आहे. शंका आली तर एक पान बुंध्याजवळून वाकवावे. जिवंत पान लवचीकपणे वळते आणि परत उभे राहते, मेलेले कट्‌दिशी मोडते किंवा हातात निघून येते. यांना चांगले ऊन लागते, रंग उन्हातच उतरतो. थंडीच्या बाबतीत मात्र हे चौघांत सर्वांत नाजूक. उणे १० च्या खाली भरवसा ठेवू नये, आणि ओल्या चिकणमातीत तर त्याच्याही आधी जातात. शिवाय हे फार वर्षे जगत नाहीत. पाच-सहा वर्षांत झुबका मधून विरळ होतो. तेव्हा आसपास पडलेल्या बियांतून आलेली पोरे जागेवर वाढवणे हाच शहाणपणा, म्हाताऱ्या ठोंबाची मनधरणी करत बसण्यात अर्थ नाही.

चौथे उत्तर अमेरिकेतल्या झाडीचे, केरेक्स पेन्सिल्व्हानिका आणि त्याचे भाऊबंद. दिसायला अगदी साधे: बारीक मऊ हिरवी पाने, वीतभर उंची, आडव्या खोडाने पसरणारा गालिचा. पण मोठ्या झाडाखालच्या कोरड्या सावलीत, जिथे हिरवळ हात टेकते, तिथे हा टिकतो. अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या माउंट क्युबा सेंटरने केरेक्सचे सत्तर प्रकार काही वर्षे शेजारी-शेजारी लावून पाहिले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात अव्वल ठरला तो केरेक्स वुडीआय, ज्याचे नाव त्याआधी रोपवाटिकांत फारसे कुणी घेत नव्हते.

भारदस्त दिसणारा केरेक्स पेंडुला या चौघांच्या बाहेरचा. चार-पाच फुटांचे वाकलेले दांडे आणि त्यांना लोंबणारे तुरे फार देखणे असतात, पण तो बी इतके टाकतो की तीन वर्षांनी तो बागेत आहे की बाग त्याच्यात, हे सांगता येत नाही. लावायचाच असेल तर बी पिकण्याआधी प्रत्येक दांडा कापण्याची तयारी हवी. छोट्या बागेत लावू नये, हे आमचे स्पष्ट मत.

लावण्याचे काम सोपे आहे आणि त्यात एकच चूक जिवावर बेतते, ती म्हणजे खोली. कुंडीतल्या रोपाची माती ज्या पातळीला होती तीच पातळी जमिनीत राहिली पाहिजे. फुटवे जिथून निघतात तो गळा मातीखाली दोन सेंटिमीटर जरी गेला, तरी हिवाळ्याच्या ओलीत तो कुजतो. खड्डा रुंदीला मुळांच्या गठ्ठ्याच्या दुप्पट, खोलीला गठ्ठ्याएवढाच. जमीन तयार करताना पाच सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या पानांच्या खताचा किंवा कंपोस्टचा थर पसरून वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर मातीत मिसळावा. फक्त खड्ड्यात खत भरू नये. भारी मातीत असा खड्डा वाटीसारखा पाणी धरून बसतो आणि मुळेही त्या वाटीबाहेर पडायला कुरकुर करतात. कुंडीतून काढल्यावर मुळे गोल-गोल गुंडाळलेली दिसली तर चाकूने गठ्ठ्याच्या तीन-चार बाजूंना उभे चिरे द्यावेत. हात आखडू नये, लव्हाळ्याची मुळे हे सोसतात.

अंतर जातीवर ठरते. एव्हरगोल्डसारख्या ठोंबाला तीस ते चाळीस सेंटिमीटर. गालिचा करायचा असेल तर ट्रेमधली छोटी रोपे पंचवीस सेंटिमीटरवर, म्हणजे चौरस मीटरला सोळा. तीस सेंटिमीटरवर लावली तर अकरा पुरतात, पण जमीन झाकायला एक हंगाम जास्त लागतो आणि तो हंगाम तण काढण्यात जातो. पैसा वाचवायचा की पाठ, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पहिल्या वर्षी आठवड्याला अडीच सेंटिमीटर पाणी, म्हणजे चौरस मीटरला पंचवीस लिटर, पाऊस धरून. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा मुरेपर्यंत द्यावे. दुसऱ्या वर्षापासून झाडीतल्या आणि न्यूझीलंडच्या जातींना लांबलेल्या कोरडेपणातच पाणी लागते. दलदलीतल्यांना मात्र कधीच तहानेवर ठेवू नये. पानांची टोके तपकिरी होणे ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. तिची तीन कारणे आधी तपासावीत: मुळाशी माती कोरडी पडून गेली का, पाणी क्षारयुक्त आहे का, रासायनिक खत जास्त झाले का. रोग शोधायला त्यानंतर निघावे.

खताबद्दल हात जितका आखडता तितके बरे. वसंतात दोन सेंटिमीटर कंपोस्ट ठोंबांच्या मधे पसरावे, म्हणजे चौरस मीटरला वीस लिटर. गळ्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. कुंडीत असेल तर हळू विरघळणारे खत, पाकिटावर दिलेल्या मात्रेच्या निम्मे. जास्त नत्राने पाने लांब आणि लुळी होतात, झुबका मधून फाकतो आणि तांबेऱ्याला आयते आवतण मिळते. मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीची, पूड लावणीच्या वेळी टाकायची सध्या चाल पडली आहे. लव्हाळ्यांना तिचा फारसा उपयोग नाही, कारण या कुळातल्या बहुतेक जाती बुरशीच्या भागीदारीवर विशेष विसंबून नसतात. स्फुरद कमी असलेल्या मातीत अनेक केरेक्स स्वतःच गाजराच्या आकाराची, दाट केसाळ अशी खास आखूड मुळे काढतात आणि त्यांतून स्फुरद मिळवतात. हाडांचे चूर्ण ओतून त्यांना ही मेहनत वाचवण्याची गरज नाही.

आता कापणी. इथे गवताची सवय सर्वांत जास्त नुकसान करते.

नियमापेक्षा आधी कारण समजून घेऊ. उन्हाळी वाढीचे मोठे शोभेचे गवत हिवाळ्यात वर पूर्ण मेलेले असते. त्याचे सगळे भांडवल मुळांत आणि बुंध्यात उतरलेले असते, म्हणून जमिनीसरशी कापले तरी काही तोटा होत नाही. सदाहरित लव्हाळ्याची पाने हिवाळ्यातही कामावर असतात आणि वसंताच्या पहिल्या वाढीचा खर्च बऱ्याच अंशी त्यांच्या कमाईतून निघतो. ती पाने छाटणे म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाणे विकून खाणे. म्हणून एव्हरगोल्ड, आइस डान्स यांना दरवर्षी कापायचे नाही. हिवाळ्याच्या शेवटी हातमोजे घालावेत (पानांच्या कडांवर बारीक दाते असतात आणि ते कातडी सफाईने कापतात), बोटे पंजासारखी पसरून बुंध्यापासून टोकापर्यंत झुबका विंचरावा. मेलेली पाने हातात येतात, जिवंत राहतात. गारठलेल्या वाऱ्याने पाने फारच करपली असतील तर नवीन फूट दिसू लागताच निम्म्या उंचीपर्यंत कापावे, त्याखाली जाऊ नये, आणि पुढची दोन-तीन वर्षे पुन्हा कात्री लावू नये.

न्यूझीलंडवाल्यांना तर कात्री दाखवूच नये म्हटले तरी चालेल. बुकाननीआय जमिनीसरशी कापला की कधी फुटतो, कधी नाही. फुटला तरी मधे टक्कल घेऊन. त्यांना फक्त विंचरणे. केस फार लांबले आणि जमिनीवर लोळू लागले तर टोकाकडून एक तृतीयांश छाटावे, तेही वसंतात.

दलदलीतले घराणे याच्या अगदी उलट. ऑरिया, मस्किंगुमेन्सिस, आणि झाडीतला असूनही हिवाळ्यात वाळणारा रुंद पानांचा केरेक्स सिडेरोस्टिका यांची जुनी पाने हिवाळ्याअखेर वाळून कडक झालेली असतात. नवे कोंब वर येण्याच्या आधी ती पाच ते आठ सेंटिमीटरवर साफ कापावीत. उशीर झाला तर कोवळ्या कोंबांची टोकेही जातात आणि मग पूर्ण हंगामभर प्रत्येक पान टोकाला चौकोनी कापलेले दिसते, न्हाव्याच्या घाईसारखे.

पेन्सिल्व्हानिकाच्या गालिच्याला कापणीची सक्ती नाही. नीटनेटका हवा असेल तर वर्षातून एकदा किंवा दोनदा, यंत्राचे पाते सात ते दहा सेंटिमीटरवर ठेवून. दर आठवड्याला हिरवळीसारखा कापला की विरळ होत जातो. अधूनमधून पाय पडलेला तो सोसतो, पण मुलांच्या क्रिकेटला तो गालिचा देऊ नये.

विभागणीची वेळ वाढीच्या वेळापत्रकातूनच निघते: वसंतात, नवी पाने दोन-तीन बोटे वर आली की. हिवाळे सौम्य असतील तिथे शरदाच्या सुरुवातीलाही चालते. भर उन्हाळ्यात केलेली विभागणी वाया जाते, कारण त्या वेळी रोप नवी मुळे काढत नाही. कडक हिवाळ्याच्या तोंडावर केली तर सुटे तुकडे गोठलेल्या मातीत नुसते बसून कुजतात.

आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे. पाने पंधरा सेंटिमीटरवर छाटावीत. एरवी ज्या कात्रीला मनाई केली तिला इथे मुभा आहे, कारण तुटलेल्या मुळांना सगळ्या पानांची तहान भागवता येणार नसते. ठोंबाच्या घेराच्या बाहेरून फावडे घालून गठ्ठा उचलावा, उताणा करावा आणि पाहावा. तळाशी जुनी, काळपट, तारेसारखी मुळे दिसतील, त्यांत मधून-मधून पांढरी, जाडसर, ठिसूळ टोके. ही पांढरी टोके म्हणजे या वर्षीचे रोप. वरच्या बाजूला मधोमध तपकिरी खुंट असतात, ज्यांतून काहीच येत नाही. जिवंत फुटवे कडेच्या वर्तुळात असतात. दोन दातेरी फावडी पाठीला पाठ लावून गठ्ठ्यात रोवावी आणि दांडे एकमेकांपासून दूर ढकलावे, म्हणजे गठ्ठा मुळे कमी तोडता फाकतो. घट्ट ठोंबाला जुना दातेरी पाव कापायचा सुरा लागतो. प्रत्येक तुकडा मुठीएवढा, त्यात निदान सहा-आठ फुटवे आणि काही पांढरी मुळे. इथे हावरेपणा नडतो. एका ठोंबाचे वीस करण्याच्या नादात दोन-दोन फुटव्यांचे तुकडे पाडले की एव्हरगोल्डचे निम्मे मरतात आणि उरलेले वर्षभर रुसून बसतात. चार किंवा पाच करावेत. मधले खुंट कंपोस्टच्या ढिगात जातात. तुकडे ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत, कारण पांढरी टोके उघड्या वाऱ्यावर पाहता पाहता सुकतात. लगेच लावावे, बोटांनी माती दाबावी, पाणी द्यावे. तीन आठवड्यांनी एक पान हलकेच ओढून पाहावे. रोप जमिनीला धरून राहिले तर मुळे लागली.

बियांपासून वाढवायचे असेल तर आधी वाणांची अपेक्षा सोडावी. पट्टेरी पानांचे वाण बियांतून तसेच येत नाहीत. जातींच्या बाबतीतही थंड प्रदेशातल्या बहुतेक केरेक्सच्या बियांना दमट थंडीतून जावे लागते. ओलसर वाळूत मिसळून, पिशवीत घालून, चार-पाच अंशांवर आठ ते बारा आठवडे ठेवावे. त्यानंतर पेरताना बी मातीने झाकू नये, नुसते दाबावे; त्याला उजेड लागतो. दिवसाचे आणि रात्रीचे तापमान वेगळे असले तर उगवण सुधारते, म्हणून तापमान एकसारखे धरून ठेवणाऱ्या पेटीपेक्षा आडोशाची उघडी जागा बरी. न्यूझीलंडच्या जाती थंडीशिवायही उगवतात. पेन्सिल्व्हानिका बी कमी धरतो आणि त्यातलेही थोडेच उगवते, त्याची विभागणीच करावी. बी म्हणून जे हातात येते ते खरे तर छोट्या थैलीत बंद असलेले फळ असते. मादी फुलाभोवतीची ही थैली हे केरेक्सचे खास लक्षण, आणि जाती ओळखणारे तज्ज्ञ भिंगातून तिचीच चोच, शिरा आणि फुगवटा मोजत बसतात. वसंतात पेन्सिल्व्हानिकाकडे गुडघ्यावर बसून पाहिले तर ही मांडणी साध्या डोळ्यांनी कळते: वर पिवळट परागकोशांचा कुंचला, तो नर, त्याच्या खाली दोन-तीन बारीक मादी कणसे, त्यांतून पांढरे तंतू बाहेर आलेले. दांड्याला टिचकी मारली की धुरासारखे पराग उडतात. सगळा व्यवहार वाऱ्याचा, त्यामुळे रंगीत पाकळ्यांचा खर्च नाही.

कुंडीत लव्हाळा देखणा दिसतो आणि जमिनीपेक्षा लवकर दगावतो. कारण थंडी कुंडीच्या सर्व बाजूंनी मुळांपर्यंत पोहोचते. जमिनीत उणे २० सोसणारे रोप कुंडीत उणे १० लाच धोक्यात येऊ शकते. दोन भाग कुंडीची माती, एक भाग पानांचे खत, एक भाग पर्लाइट (फुगवलेले हलके पांढरे खनिज) किंवा जाड वाळू, आणि तळाचे छिद्र मोकळे. दर दोन वर्षांनी बाहेर काढून विभागणी करावी. काढताना मुळांवर पांढरी पिठूळ भुकटी दिसली तर ते मुळांवरचे पिठ्या ढेकूण. सगळी माती धुऊन टाकावी, कुंडी गरम पाण्याने घासावी, नव्या मातीत लावावे. जुनी माती वाफ्यात टाकू नये.

बाकी कीड-रोगांचा त्रास कमी. कोरड्या गरम हवेत लाल कोळी येतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. पानांखाली नारिंगी पुळ्या म्हणजे तांबेरा. करपलेली पाने काढून झुबका मोकळा करावा, नत्र थांबवावे. यातल्या एका तांबेऱ्याची अर्धी संसारयात्रा गूजबेरीवर (थंड प्रदेशातले काटेरी फळझुडूप, आपला आवळा नव्हे) होते, तेव्हा ही दोन शेजारी-शेजारी लावू नयेत. कणसात दाण्याऐवजी काळी कठीण गोळी दिसली तर ती काणी. ते दांडे पिशवीत घालून कापावेत, म्हणजे काळी भुकटी उडत नाही. हरणे सहसा तोंड लावत नाहीत, ससे मात्र कोवळे कोंब सफाचट करतात.

पट्टेरी वाणांत अधूनमधून एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघतो. तो ताबडतोब, बुंध्यापासून मुळासकट ओढून काढावा. त्याच्या प्रत्येक पानात शेजाऱ्यापेक्षा जास्त हरितद्रव्य असते, त्यामुळे तो जास्त कमावतो आणि जास्त पसरतो. वरवर कापला तर तो पुन्हा हिरवाच येतो, आणि दोन-तीन वर्षांत एव्हरगोल्डचा ठोंब साधा हिरवा झालेला असतो.

आणि शेवटी तो भाऊबंद येतोच. लव्हाळ्यांच्या वाफ्यात नागरमोथा शिरला की खरी पंचाईत, कारण बोटांच्या चिमटीत त्याचाही दांडा तीन कडांचाच लागतो. गवत मारणारी निवडक औषधे दोघांनाही सहसा काही करत नाहीत, आणि नागरमोथ्याला मारणारे औषध केरेक्सलाही सोडेल याची हमी नाही. म्हणजे काम हातानेच करायचे. ओळख उन्हाळ्यात पटते. नागरमोथ्याची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत मका-उसासारखी, उष्णतेत जोमाने चालणारी. केरेक्सची थंड हवेची. म्हणून ज्या आठवड्यात सगळा वाफा सुस्तावलेला असतो, त्याच आठवड्यात काही चकचकीत पाती चार बोटे वर निघालेली दिसतात. ती ओढू नयेत. पाते हातात येते आणि गाठ खाली राहते, जागी होऊन. अरुंद खुरपे पात्याच्या अगदी लगत सरळ खाली घालावे, पहिली काळी गाठ सापडली की तिथे थांबू नये. तिच्यातून निघालेला बारीक तारेसारखा धागा बोटाने धरून पुढच्या गाठीपर्यंत जावे, मग त्याच्या पुढच्या. धागा एखाद्या केरेक्सच्या ठोंबाखाली गेला तर तो ठोंबच उचलावा, मुळे बादलीत धुवावी, अडकलेल्या गाठी वेचाव्यात आणि पुन्हा त्याच खोलीवर लावावा. तीन आठवड्यांनी वाफ्यात परत बसावे, खुरपे घेऊन.